शोकाच्या घरी नाताळ

ताई, प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार. सहा महिन्यांपूर्वी माझी पत्नी गेली. आमच्या घरात नाताळ यायचा तो तिच्यामुळे. गव्हाणीचा देखावा ती मांडायची, कोणाला काय भेट द्यायची ते ती ठरवायची, उपासनेसाठी आम्हां सगळ्यांना वेळेवर घराबाहेर काढायची तीच. यंदा माझ्यात काही उरलेलं नाही. चर्चच्या मंडळीतली माणसं चांगली आहेत, पण भेटली की म्हणतात, ‘ती प्रभूजवळ आहे, नाताळ आलाय, आनंद करा.’ एकानं तर प्रेषित पौलाचं वचन काढून दाखवलं की विश्वास ठेवणाऱ्यानं शोक करू नये. मुलगा म्हणतो, ‘बाबा, या वर्षी राहू द्या. नाहीतरी २५ डिसेंबर ही खरी तारीख कुठे आहे? बायबलमध्ये ती लिहिलेलीच नाही.’ नात मात्र सारखी विचारते, ‘आजोबा, गव्हाणी कधी मांडायची?’ आनंद होत नसताना नाताळ करणं म्हणजे देवासमोर नाटक नाही का? आणि केलाच नाही, तर तो विश्वास सोडणं होईल का? इतकी वर्षं करत आलो, पण नाताळाचा अर्थ काय, हे आता मला सांगता येत नाही.
— एक वाचक

प्रिय बंधू,

आधी एक गोष्ट लिहिते, कारण ती एव्हाना कोणीतरी तुम्हांला सांगायला हवी होती. पत्नीच्या जाण्यानं तुम्ही खचला आहात, यात विश्वासाचा कमकुवतपणा कुठेही नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं ते वचन (४:१३) ‘शोक करू नका’ एवढ्यावर संपत नाही. ज्यांना आशा नाही अशांसारखा शोक करू नका, असं पौल म्हणतो. म्हणजे शोक असणार हे त्यानं धरलेलंच आहे. तुमच्या शोकाला आशेची सोबत आहे, एवढंच त्याला सांगायचं आहे. वचनाचा अर्धा भाग घेऊन दुःखी माणसाला गप्प बसवणं हा पौलावरही अन्याय आहे. ज्यांनी ते दाखवलं त्यांचा हेतू वाईट नसेल. दुसऱ्याच्या दुःखाजवळ काही न बोलता बसून राहणं फार जड जातं, म्हणून माणसं वचनं पुढे करतात. तुम्ही मनावर घेऊ नका, आणि त्यांच्यासाठी खोटं हसूही नका.

आता नाटकाचं. ही भीती तुम्हांला वाटते, कारण नाताळ म्हणजे आनंदी असण्याचा दिवस, असं आपल्या सगळ्यांच्या मनात घट्ट बसलं आहे. पण लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय पुन्हा उघडून बघा. रात्र आहे, मेंढपाळ कळपाची राखण करताहेत, देवदूत समोर उभा राहतो आणि ते भयभीत होतात. तो त्यांना ‘आनंदी व्हा’ असं सांगत नाही. ‘भिऊ नका’ म्हणतो आणि बातमी देतो: सगळ्या लोकांसाठी मोठ्या आनंदाची गोष्ट घडली आहे, तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे. आनंद त्या बातमीत आहे. ऐकणाऱ्याचं मन त्या घडीला कसं आहे, यावर बातमीचा खरेपणा ठरत नाही. मेंढपाळांच्या छातीत धडकी भरलेली असताना ती खरी होती, आणि तुमच्या घरात एक जागा रिकामी असतानाही ती तेवढीच खरी आहे. नाताळाला मंडळी जमते ती हीच बातमी पुन्हा एकदा ऐकायला. ऐकायला येणाऱ्याचा चेहरा कसा असावा, याची अट शास्त्रात मला तरी कुठे दिसली नाही.

आणि ती बातमी आहे काय? सांगायला एक वाक्य पुरतं, पण ते नीट मांडायला मंडळीला काही शतकं लागली. ज्यानं सगळं निर्माण केलं तो देव माणूस झाला. माणसाचा वेष घेऊन थोडे दिवस वावरून गेला, असं ख्रिस्ती श्रद्धा म्हणत नाही. तो खरोखर झाला. आईच्या पोटात वाढला, तिच्या दुधावर जगला, चालायला शिकताना पडला असेल, पुढे दमला, भुकेला झाला, मित्रांनी एकटं टाकल्यावर कळवळला आणि शेवटी मेला. इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मसभेनं, ख्रिस्त हा पित्याशी एकतत्त्व असलेला देव आहे, हे ठामपणे मांडलं. ४५१ मध्ये काल्सेडनच्या सभेनं दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे मांडली, की तो पूर्ण माणूसही आहे. ही कोरड्या पंडितांची भांडणं होती, असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. नाझियान्झसचे ग्रेगरी या चौथ्या शतकातल्या धर्माचार्यांनी त्या वादात जे सांगितलं, त्याचा आशय असा: ख्रिस्तानं माणसाचं जे स्वतःवर घेतलं नाही, ते बरंही झालं नाही. त्यानं फक्त शरीर घेतलं असतं आणि मन घेतलं नसतं, तर आपलं मन तसंच आजारी राहिलं असतं.

हे मी तुम्हांला का सांगते आहे? तुमचा शोकही त्यानं घेतला की नाही, हाच तुमच्यासाठी या नाताळाचा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर योहानाच्या अकराव्या अध्यायात आहे. तो अध्याय नाताळाला कोणी वाचत नाही, तुम्ही यंदा जरूर वाचा. बेथानीचा लाजर मेला आहे. त्याला आपण उठवणार आहोत, हे येशूला ठाऊक आहे; निघण्याआधीच त्यानं शिष्यांना ते सांगितलंय. तरी लाजराची बहीण मरीया रडताना दिसते, तिच्याबरोबर आलेले लोक रडताना दिसतात, आणि योहान दोन शब्द लिहितो: ‘येशू रडला.’ थोड्याच वेळात कबरेचं तोंड उघडणार आहे हे माहीत असूनही तो रडला. त्यानं मरीयेला सांगितलं नाही की तुझा भाऊ आता चांगल्या जागी आहे, डोळे पूस. आता मागे वळून गव्हाणीकडे बघा. बेथलेहेमात देवानं जे डोळे घेतले, तेच हे डोळे. देव माणूस झाला नसता तर आपल्या दुःखाची त्याला दया आली असती, पण आपल्याबरोबर रडायला त्याच्याजवळ डोळे नसते. नाताळाचा अर्थ मला विचाराल तर मी इथे बोट ठेवीन. जे कबरेशी उभे आहेत त्यांच्याशेजारी उभं राहता यावं, म्हणून तो पाळण्यात आला. पुढे वधस्तंभ आला, पुनरुत्थान आलं. तुमच्या आशेचं मूळ तिथे आहे. पण मरण जिंकायचं तर आधी मरू शकेल असं शरीर हवं होतं, आणि ते त्याला नाताळाला मिळालं.

पूर्वेकडच्या मंडळ्यांच्या जुन्या जन्मचित्रांत हे फार स्पष्ट दाखवलेलं असतं. तिथे बाळ गुहेत निजलेलं असतं, त्याला गुंडाळलेल्या पट्ट्या प्रेताला गुंडाळतात तशा दिसतात आणि गव्हाणी दगडी शवपेटीसारखी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे खटकतं. पण मत्तयाच्या वृत्तांतात मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, सोनं आणि उदाबरोबर गंधरस आणतात, आणि योहान सांगतो की येशूला कबरेत ठेवताना नीकदेमानं आणलेल्या मिश्रणात गंधरस होता. तुमच्या घरातल्या मृत्यूमुळे तुमचा नाताळ बिघडला आहे, असं तुम्हांला वाटत असेल. मूळ कथेत मृत्यू पहिल्यापासून दाराशी उभा आहे. हेरोदानं बेथलेहेम आणि आसपासची दोन वर्षांची व त्याहून लहान मुलं मारवली, आणि मत्तय तिथे यिर्मयाचं वचन देतो: राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि सांत्वन करून घेऊ पाहत नाही. हे वाक्य थेट ख्रिस्तजन्माच्या कथेत आहे. तिथे कोणी येऊन राहेलीला ‘आनंद कर’ म्हणत नाही. पाश्चात्त्य मंडळ्यांच्या दिनदर्शिकेतही २६ डिसेंबर हा पहिला रक्तसाक्षी स्तेफन याचा दिवस आहे आणि २८ डिसेंबर त्या मारल्या गेलेल्या बालकांचा. ज्यांनी हा क्रम लावला, त्यांनी जन्माच्या सणाला लागून मरणाचे दिवस ठेवले आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. आपणच पुढे त्या आठवड्यातून ते दिवस गाळले.

‘काही वाटत नसताना करायचं कसं’ या तुमच्या प्रश्नावर मला योसेफ आठवतो. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द नाही. येशूची आई मरीया हिचं स्तोत्र आहे, जखऱ्याचं आहे, शिमोनाचं आहे, देवदूतांचं तर आहेच. योसेफाचं काही नाही. ज्या रात्री देवदूतानं त्याला स्वप्नात सांगितलं, त्या रात्री तो वाग्दत्त पत्नीला गुपचूप सोडून देण्याच्या विचारात होता; म्हणजे मन किती मोडलेलं असेल. त्याला आनंद झाला, असं मत्तय लिहीत नाही. तो झोपेतून उठला आणि सांगितल्याप्रमाणे त्यानं केलं, एवढंच लिहितो. पुढे मिसर देशाला पळून जाताना तसंच, परत येताना तसंच: उठला, बाळाला आणि त्याच्या आईला घेतलं, निघाला. या माणसाला नाटकी कोण म्हणेल? मनात भाव दाटून आल्याशिवाय केलेली भक्ती खोटी, ही समजूत कुठून आली कोण जाणे. पवित्र शास्त्रात तिला आधार नाही. खोटं असतं ते नसलेला भाव चेहऱ्यावर चढवणं. ते तुम्ही करू नका. जे करता येईल ते कोरड्या मनानं केलंत, तरी ते योसेफानं केलं तसं केलेलं असेल.

मुलाच्या तारखेच्या मुद्द्यावर त्याच्याशी वाद घालू नका, कारण तो बरोबर बोलतो आहे. येशूच्या जन्माची कथा मत्तय आणि लूक या दोनच शुभवर्तमानांत आहे आणि दोघंही दिवस सांगत नाहीत. मार्काची सुरुवात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या हाकेनं आणि येशूच्या बाप्तिस्म्यानं होते. पहिल्या ख्रिस्ती लोकांचा मोठा सण पुनरुत्थानाचा होता. तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मपंडितानं तर लिहिलं की शास्त्रात वाढदिवस साजरे करताना दिसतात ते फारो आणि हेरोदासारखे लोक. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात आहे आणि त्यातली यादी ३३६ सालची मानली जाते. हीच तारीख का, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. ऑरेलियन सम्राटानं २७४ मध्ये सूर्यदेवाचं मोठं मंदिर उभारलं आणि त्या देवाच्या सणाच्या जागी हा सण आला, असं एक मत. दुसरं असं की ख्रिस्त मरीयेच्या उदरी आला तो दिवस २५ मार्च धरला जाई आणि तिथून नऊ महिने मोजले गेले. आर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीला जन्मोत्सव करते, आणि जुनं ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला येतो. इंग्लंडच्या संसदेनं १६४७ मध्ये हा सणच रद्द केला होता, आणि तोही कडव्या ख्रिस्ती लोकांच्या आग्रहामुळे.

म्हणजे तारीख मंडळीनं निवडलेली आहे. यानं श्रद्धेला धक्का लागत नाही, कारण कोणत्या दिवशी घडलं यावर श्रद्धा कधी उभी नव्हती. घडलं यावर होती. पण मला वाटतं, तुमच्या मुलाला तारखेशी काही देणंघेणं नसावं. त्याचीही आई गेली आहे. तिच्याशिवायचा पहिला नाताळ त्याला नको आहे, आणि ‘मला सहन होणार नाही’ असं म्हणणं जड जातंय म्हणून त्यानं इतिहास पुढे केला. मंडळीतले लोक वचनं पुढे करतात, तसंच आहे हे. इतिहासाला उत्तर देत बसू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा की आईशिवाय त्या दिवशी त्याला सगळ्यात जड काय जाईल. तुमचंही सांगा. बापानं मुलासमोर रडायचं नसतं, असा काही नियम तुम्ही पाळत असाल तर तो या वर्षी मोडा.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

सगळं करू नका. तिनं जे जे केलं ते सगळं तुम्ही करायला गेलात तर थकाल, आणि प्रत्येक कामात तिची उणीव नव्यानं टोचेल. भेटवस्तू, पाहुणे, घर सजवणं यंदा सोडून द्या. यातलं काहीच नाताळ होण्यासाठी आवश्यक नाही. गव्हाणी मात्र मांडा, आणि ती नातीला मांडू द्या. तुम्ही शेजारी बसा. आजी कोणती आकृती कुठे ठेवायची ते तिला आठवत असेल. नसेल तर तुम्ही सांगा. हा देखावा लोकांच्या मनात रुजवला तो असिसीच्या फ्रान्सिसनं, १२२३ साली ग्रेच्चो या गावी. बाळाला जन्मताच किती उणिवा सोसाव्या लागल्या, ते डोळ्यांनी पाहायचंय, असं त्याचं म्हणणं होतं. गोडव्यासाठी त्यानं ते केलं नव्हतं. जागा नाही, बिछाना नाही, उबेला जनावरांचा श्वास आणि गवत, हे त्याला बघायचं होतं. उणिवेनं भरलेल्या घरात गव्हाणी परकी वाटणार नाही.

उपासनेला जा, पण जमेल तशा पद्धतीनं. शेवटच्या बाकावर बसा, दाराजवळ. गाणं गळ्यात अडकलं तर गाऊ नका. त्या दिवशी मंडळी तुमच्या वतीनंही गाते आहे, असं समजा. मधेच उठून बाहेर जावंसं वाटलं तर जा. आपण शेवटपर्यंत थांबू की नाही, हे धर्मगुरूंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर कोणी चौकशीला मागे लागणार नाही. काही मंडळ्यांत २१ डिसेंबरच्या सुमाराला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, शोकात असलेल्यांसाठी वेगळी शांत उपासना ठेवतात. तुमच्याकडे तशी नसेल तर धर्मगुरूंना सुचवून बघा. या वर्षी कोणीतरी गेलेलं घर तुमचं एकटंच नसणार.

२५ तारखेला काहीच जमलं नाही, अंथरुणातून उठवलंही नाही, तरी तुम्ही विश्वास सोडला असं होत नाही. नाताळ एका दिवसात आटोपत नाही. जुन्या रीतीनं तो बारा दिवसांचा काळ आहे, ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत. त्यातला कोणताही एक दिवस घ्या. आणि त्यातलाही कुठला साधला नाही, तर २ फेब्रुवारी आहे, बाळ येशूला मंदिरात आणलं त्याचा दिवस.

त्या दिवशीच्या वाचनात तुम्हांला हन्ना भेटेल. लूक तिला फक्त तीन वचनं देतो (२:३६–३८). फनूएलची मुलगी, लग्नानंतर सात वर्षं पतीबरोबर राहिली, मग तो गेला, आणि आता ती ८४ वर्षांची विधवा आहे. मंदिर सोडून जात नाही, रात्रंदिवस प्रार्थना आणि उपास. इतकी वर्षं ती तिथे सुखात होती की कधी संतापलेली, कधी सुन्न, हे लूक सांगत नाही. ती तिथे असायची, एवढंच सांगतो. आणि बाळाला आणलं त्याच घडीला ती पुढे येते, देवाचे आभार मानते आणि यरुशलेमेच्या मुक्ततेची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना त्याच्याविषयी सांगू लागते. जोडीदाराशिवाय आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडी लूकनं ही बातमी दिली. तिचा शोक आधी संपवून मग तिला मंदिरात बोलावलं, असं कुठे आहे?

मंडळीतल्या लोकांचं राहिलं. पुढच्या वेळी कोणी ‘आनंद करा’ म्हणालं, तर त्यांना तुमच्या पत्नीची एखादी आठवण विचारा. ती उपासनेला कुठे बसायची, कोणतं गीत आवडीनं गायची, तिनं त्यांच्यासाठी कधी काय केलं होतं. पुष्कळांना ते सांगायचं असतं. तिचं नाव घेतलं तर तुम्हांला त्रास होईल, या धास्तीनं ते वचनांच्या आड राहतात. तिचं नाव तुम्ही आधी घ्या. नातीलाही त्यांतल्या दोन-तीन गोष्टी ऐकवा, आणि गव्हाणी मांडायला तिला याच आठवड्यात बोलावून घ्या.